संसार ट्रॉलीत, जीव पिनीवर
ऊसतोडीला निघण्यापूर्वी ट्रॅक्टरमालक, मुकादम व ग्रामपंचायतींनी एवढे बघावेच

दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना भागातल्या रस्त्यांवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, पाण्याचा ड्रम, हंडे, चूल, कोपी उभारायची लाकडे, ताडपत्री, कोयते, दोन शेळ्या, एखादे वासरू. आणि या सगळ्यावर बसलेली माणसे. म्हातारी, लेकुरवाळी, शाळा अर्धी सोडून निघालेली पोरे. सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर पार कर्नाटकात पाच-सहा महिन्यांचा मुक्काम. म्हणजे ही नुसती ट्रॉली नाही, चाकांवर चाललेले घर आहे.

हे घर तीनशे-साडेतीनशे किलोमीटर ओढत न्यायचे असते. ताशी वीसचा वेग धरला तरी पंधरा-सतरा तासांचा प्रवास होतो. वाटेत घाट, ओढे, खचलेल्या साइडपट्ट्या. कारखान्याच्या गावाला पोचल्यावर तर खरी परीक्षा सुरू होते, कारण फडापर्यंत जाणारी वाट ही बहुतेक काळ्या रानातली पाणंद असते. आपण ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा आहे ते अभिमानाने सांगतो. पण ओढायची ताकद इंजिनात असते, थांबवायची ब्रेकात असते, आणि ट्रॉलीला बहुतेक वेळा ब्रेकच नसतो. आजच्या लेखात एवढीच गोष्ट समजून घेऊ.

घाटातला एक तास

मागे एका हंगामात मी मोटारसायकलवरून येत असताना घाटाच्या चढावर असाच एक ट्रॅक्टर अडकलेला दिसला. दोन ट्रॉल्या, दोन्हीत सामान आणि माणसे. पुढची चाके जमिनीवरून उचलू लागली म्हणून पोरगेल्या ड्रायव्हरने घाबरून ट्रॅक्टर थांबवला होता. नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा मागच्या चाकाला दगड लावून तो हाताने धरून बसला होता. ट्रॉली मागे सरकली असती तर पहिला तोच सापडला असता.

आम्ही आधी सगळी माणसे खाली उतरवली. मग मी जोड बघितला. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये पिनीच्या जागी बांधकामाच्या सळईचा तुकडा घातलेला. तो झिजून मधोमध निम्मा झालेला. खाली क्लिप नाही, साखळी नाही. ड्रायव्हरला विचारले तर म्हणाला, "साहेब, मागं बघायला वेळ कुठं असतो?" शेजारी उभी असलेली म्हातारी पटकन बोलली, "आरं बाबा, आमी मागंच बसलोत की!"

त्या वाक्यावर मला काही उत्तर सुचले नाही. एक ट्रॉली सोडून, एकेक करून वर नेली. तास गेला. पण तासच गेला, दुसरे काही गेले नाही.

उलाळ आणि धुरेला जड

आपल्या वाडवडिलांना बैलगाडी भरायची कला होती. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, बैलांच्या माना वर उचलल्या जातात. ओझे फार पुढे आले की जू मानेवर बसते. दोन चाकी ट्रॉलीचे गणित अगदी हेच आहे. वजन मागे गेले तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार हलका होतो. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात. भार हलका झाला की चाक घसरते, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. उलट वजन फार पुढे आले तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखे होते.

म्हणून धान्याची पोती, पाण्याचा ड्रम अशा जड वस्तू तळाला, चाकांच्या आसावर आणि आसाच्या किंचित पुढे ठेवा. अंथरूण, ताडपत्री, टोपल्या वर. चार चाकी ट्रॉलीत वजन दोन्ही आसांवर सारखे वाटा. ड्रम काठोकाठ भरलेला किंवा रिकामा ठेवा, कारण अर्धवट भरलेले पाणी वळणावर एका बाजूला धावते. जनावर आखूड दाव्याने, मधोमध बांधा. उसाचा लोड असेल तर उंचीचा मोह टाळा. जितका लोड उंच, तितकी खड्ड्यात ट्रॉली कलंडायची भीती जास्त.

जोड कसा असावा

पिन कंपनीची, योग्य जाडीची आणि झिजलेली नसावी. भोकात ती ढिली होत असेल तर भोकही झिजले आहे असे समजा. पिनीच्या खाली क्लिप हवीच. खड्ड्यातून जाताना दांडी वर-खाली होते, तेव्हा बिनक्लिपची पिन हळूहळू वर येते आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. शिवाय ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यात आणि दोन ट्रॉल्यांच्याही मध्ये जाड साखळी, दांडीच्या खालून फुलीसारखी आडवी टाकून बांधा. पिन निघालीच तर दांडी जमिनीत न रुतता साखळीवर झेलली जाते.

ट्रॉली नेहमी खालच्या हूकलाच जोडा. कुठेतरी अडकली म्हणून वरच्या लिंकला दोर बांधून ओढायला जाऊ नका. जोड जितका उंच, तितका ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटण्याचा धोका. असा ट्रॅक्टर उलटायला दोन-तीन सेकंदही लागत नाहीत. पुढची चाके उचलू लागली की ताबडतोब क्लच दाबा आणि लगेच ब्रेकवर पाय ठेवा.

चढ, उतार आणि ब्रेक

शेतात वळायला सोपे जावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या ब्रेकचे दोन पेडल असतात. रस्त्यावर येण्याआधी त्यांना जोडणारी पट्टी लावा. ती न लावता उतारावर एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि मागची ट्रॉली त्याच्यावर येते.

उताराचा हिशेब सोपा आहे. दहा फुटाला एक फूट उतार असेल तर दर टनामागे सुमारे १०० किलोचा रेटा पुढे येतो. सहा टनांचा लोड असेल तर सुमारे ६०० किलो. चाकांची थोडी अडवणूक वजा केली तरी एवढा जोर ट्रॅक्टरला मागून ढकलत असतो. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे म्हणजे घाटात जीव गहाण टाकणे होय. उतारावर क्लचही दाबून ठेवू नका, इंजिनाची पकड सुटते.

चढावरही मध्येच गिअर बदलायची वेळ येऊ देऊ नका. दोन ट्रॉल्या झेपणार नाहीत असे वाटले तर पायथ्यालाच एक सोडा. माणसे मात्र कडक चढ आणि कडक उतार, दोन्ही ठिकाणी खाली उतरवून चालत न्या. चाकाला लावायला लाकडी ठोकळे ट्रॉलीतच बाळगा आणि ते मोठ्या माणसाने, चाकाच्या बाजूला उभे राहून लावावेत. दगड लावलाच तर निघताना तो रस्त्यावरून उचला. मागे राहिलेला दगड रात्री मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. तोही कुणाचा तरी मुलगाच असतो.

पाणंदीत जाण्याआधी

अनोळखी पाणंदीत ट्रॅक्टर घालण्यापूर्वी एकदा पायी चालून या. पुढे वळवायला जागा आहे का बघा, कारण दोन ट्रॉल्या घेऊन मागे येणे चांगल्या चांगल्या ड्रायव्हरला जमत नाही. वळणावर मागची ट्रॉली आत कापते. पुढचा ट्रॅक्टर खांबाला चुकवतो, मागची ट्रॉली त्याच खांबाला धडकते. म्हणून वळण रुंद घ्या. ओढ्याच्या उतारात तिरपे न उतरता सरळ उतरा. फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. अवकाळी पाऊस पडून काळी माती ओली झाली असेल तर एक दिवस वाफसा येऊ द्या, किंवा एकेक ट्रॉली बाहेर काढा. मागची ट्रॉली डुलू लागली तर जोरात ब्रेक मारू नका. स्टेअरिंग सरळ धरून रेस हळूहळू कमी करा.

आणखी एक. ट्रॅक्टरवर मोठा डेक लावायची फॅशन आली आहे. गाणी ऐकायला कुणाची ना नाही, पण मागून माणसे ओरडली तरी ड्रायव्हरला ऐकू जात नाही. आवाज बेताचा ठेवा.

माणसांचे काय?

आता स्पष्ट बोलतो. ट्रॉली ही मालासाठी आहे. तिच्यात माणसे बसवायला कायद्याची परवानगी नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई मालकाच्या जमिनीवर येऊ शकते. जादा वजनाचाही कायदा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर दर जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा जीव मोठा. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली पाण्यात उलटून पंचवीसहून अधिक माणसे गेली. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि ७ महिला मृत्युमुखी पडल्या. रोजच्या कामाला निघालेल्या बायका होत्या त्या.

"साहेब, मग माणसं न्यायची कशी?" हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. सामान ट्रॉलीतून आणि माणसे एसटीने, हा त्यातला सरळ मार्ग. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. मुलांनाही अर्धे तिकीट असते. टोळीतल्या बायका-मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा खर्च काढून बघा, वाटतो तेवढा तो होत नाही. मुकादमांनी हा खर्च उचल ठरवतानाच वेगळा धरावा. तो कोयत्याच्या उचलीतून कापू नये. सामानासोबत दोन गडी ट्रॅक्टरच्या मागे दुसऱ्या गाडीने आले तरी काम भागते.

एवढे सांगूनही कुठे ना कुठे माणसे बसणार, हे मी जाणतो. तिथे निदान फाळका पक्का लावा. सामानाच्या ढिगावर, फाळक्यावर, दांडीवर किंवा मडगार्डवर कुणालाही बसू देऊ नका. मुले मोठ्या माणसांच्या मध्ये, खाली बसवा. एका जबाबदार माणसाच्या हाती शिट्टी द्या, ती वाजली की ड्रायव्हरने थांबायचेच. अंधार पडण्याआधी मुक्काम करा. ट्रॉलीला मागे लाल, पुढे पांढरे आणि बाजूला पिवळे रिफ्लेक्टर लावा. चिखलाने झाकलेला रिफ्लेक्टर नसल्यासारखाच, म्हणून रोज फडक्याने पुसा.

ग्रामपंचायतींसाठी

ही जबाबदारी एकट्या ड्रायव्हरची नाही. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांनी तोड सुरू होण्यापूर्वी शिवारफेरी करावी. वाटेला लागून असलेल्या बिनकठड्याच्या विहिरी बघाव्यात. कठडा लगेच होत नसेल तर दगडांना चुना लावून रांग तरी मांडावी. तारा खाली आल्या असतील तर महावितरणला लेखी कळवून पोच घ्यावी. खचलेले पूल आणि फरश्या यांच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खांब रोवावेत. पाणंदीवर अतिक्रमण झाले असेल तर ते तोडीच्या तोंडावर नव्हे, आधीच सामंजस्याने मोकळे करून घ्यावे. अरुंद वाटेमुळे ट्रॉली कडेला जाते आणि कडेलाच विहीर असते.

मालकांनो, येत्या हंगामात ट्रॅक्टर दारातून निघण्यापूर्वी दहा मिनिटे काढा. पिन, क्लिप, साखळी, चाकांचे नट, टायरची हवा, ब्रेकची पट्टी, दिवे. हाताने चाचपून बघा, ड्रायव्हरवर सोपवून मोकळे होऊ नका. आणि ट्रॉलीत कुणी बसलेले दिसलेच, तर त्यांच्यात आपली आई बसली आहे असे समजून मग चावी फिरवायची का नाही ते ठरवा.