कॅमेरा बिघडलेला नाही, आधी ऑटो आयएसओ तपासा

घरून कुर्ती, इमिटेशन ज्वेलरी, मसाले असं काही विकायला सुरुवात करणारे बरेच जण सेकंडहँड डीएसएलआर घेतात आणि आठवड्याभरात तीच तक्रार घेऊन येतात. "सर, एकच टेबल, एकच लाइट, तरी चार फोटो उजळ, तीन काळपट, आणि बाकीच्यांत नुसते दाणे. कॅमेरा गंडलाय का?" पाठोपाठ पुढचा प्रश्न येतोच, नवीन बॉडी घेऊ की लेन्स? थांबा. पैसे काढायच्या आधी मेनू उघडा.

विषय छोटा वाटतो, पण गल्ल्याशी त्याचा थेट संबंध आहे. गिऱ्हाईक फोटोतला रंग बघून ऑर्डर देतं. फोटोत राखाडी दिसलेली कुर्ती घरी पांढरीशुभ्र निघाली की पार्सल परत, आणि जाण्या-येण्याचं कुरिअर तुमच्या माथी.

फोटो किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरतं. लेन्सचं तोंड किती उघडं आहे (अ‍ॅपर्चर), ते किती वेळ उघडं राहतं (शटर), आणि आयएसओ. १०० चा आयएसओ २०० केला की फोटो दुप्पट उजळ होतो, १६०० केला की सोळापट. पण यात जास्तीचा प्रकाश कुठून आलेला नसतो. आहे तोच सिग्नल फुगवलेला असतो. लाउडस्पीकरचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसे इथे दाणे वाढतात. पैठणीच्या काठावरची जर अशा फोटोत मळकट दिसते. आयएसओ 'ऑटो'वर असेल, तर हा आकडा प्रत्येक क्लिकला कॅमेरा स्वतः ठरवतो.

मग शोध कुठून सुरू करायचा? काढलेला एक उजळ आणि एक काळपट फोटो कॅमेऱ्यातच उघडा, इन्फोचं बटण दाबा आणि दोन्हींचे तिन्ही आकडे कागदावर लिहा. अंदाज नको, आकडे लिहाच.

आयएसओ बदललेला दिसला, तर गडबड मीटरिंगची आहे. कॅमेऱ्याला कपडा पांढरा की काळा हे कळत नाही. समोरचं सगळं सरासरी मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरून तो हिशोब करतो. पांढऱ्या कागदावर पांढरी कुर्ती ठेवली की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो आयएसओ खाली आणतो आणि कुर्ती राखाडी येते. काळं मोबाइल कव्हर ठेवलं की उलटं, आयएसओ वर जातो आणि काळा रंग फिका पडतो. कॅमेरा त्याचं काम चोख करतोय, फक्त ते काम कॅटलॉगच्या उपयोगाचं नाही. कॅटलॉगसाठी आयएसओ १०० वर पक्का करा, एम मोड लावा, एक फोटो नीट जमवा आणि लाइट हलवेपर्यंत आकड्यांना हात लावू नका.

इथे बरेच जण अडकतात. "एम मोडच लावलाय, शटर फिरवतोय, पण फोटो तेवढाच उजळ!" कारण एम मोडमध्येही ऑटो आयएसओ चालू राहू शकतो. तुम्ही शटरने प्रकाश कमी करता, तो आयएसओ वाढवून भरून काढतो. कॅननवर आयएसओच्या बटणाने 'ऑटो' सोडून आकडा निवडला की काम झालं. निकॉनवर मात्र 'ऑटो आयएसओ सेन्सिटिव्हिटी कंट्रोल' हा मेनूतला वेगळा पर्याय आहे. तो चालू असताना तुम्ही १०० निवडलं, तरी कॅमेरा त्याला फक्त खालची मर्यादा समजतो आणि गरज वाटली की वर जातो. तो पर्याय 'ऑफ'च करावा लागतो.

कॅननमध्ये आयएसओ १०० दिसतच नाही, २०० पासून सुरू होतो? मग 'हायलाइट टोन प्रायॉरिटी' चालू आहे. स्क्रीनवर 'डी+' अशी खूणही दिसेल. बंद करा, १०० परत येईल.

आता समजा, दोन्ही फोटोंचे तिन्ही आकडे तंतोतंत सारखे आहेत आणि तरी उजेड वेगळा. तेव्हा दोष दिव्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५०० असेल, तर एखादा फोटो दिव्याच्या मंद क्षणात सापडतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवून बघा. फरक तिथेच दिसेल.

आणि आयएसओ कायम ३२००, ६४०० ला चिकटलेला असेल तर? खोलीत उजेडच कमी आहे. टेबल खिडकीशी न्या, समोरच्या बाजूला स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा कार्डशीट उभा करा. ट्रायपॉड असेल तर आणखी सोपं. कॅमेरा स्टँडवर आहे याची दखल ऑटो आयएसओ सहसा घेत नाही. हात हलेल या भीतीने तो आकडा चढवत राहतो. वस्तू काही पळून जाणार नाही. आयएसओ १००, शटर १/१० किंवा त्याहून संथ, आणि २ सेकंदांचा टायमर. माझ्या मते पहिली खरेदी ट्रायपॉडचीच करावी, लेन्स नंतर.

ऑटो आयएसओ वाईट अजिबात नाही. हळदीच्या कार्यक्रमात, प्रदर्शनातल्या स्टॉलवर, पोरांच्या वाढदिवसाला तो हवाच. तिथे कमाल आयएसओ आणि किमान शटर हे दोन आकडे मेनूत ठरवून द्या, जिथे कॅमेऱ्यात सोय असेल तिथे. माणसं हलतात म्हणून शटर १/१२५ धरा. कमाल आकड्यासाठी १६००, ३२०० आणि ६४०० वर एकेक फोटो काढून झूम करा, डोळ्याला खटकेल त्याच्या एक पायरी खाली थांबा.

फक्त कॅटलॉगचं शूट उरकून थेट अशा ऑर्डरला निघणार असाल, तर बॅगेत कॅमेरा टाकण्याआधी ऑटो आयएसओ पुन्हा चालू करा. १०० वरच राहिला, तर हॉलमधले फोटो एकतर काळे येतील नाहीतर हललेले.