बालकांना ‘खऱ्या’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कल्पित गोष्टी : एक विवेचन

प्रस्तावना :
न जेवणाऱ्या मुलाला बागुलबुवा नेतो, चांदोबा हा मामा आहे, आजोबा आकाशात तारा झाले, अशी विधाने मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या केली जातात. पंचतंत्रातील बोलणारा कोल्हा ही ‘गोष्ट’ आहे, असे संकेताने ठरलेले असते. येथे मात्र कल्पित ते वस्तुस्थिती म्हणून सांगितले जाते. सत्य बोलण्याचा संस्कार करणारी वडीलधारी माणसे असे का करतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रयोजने :
अशा कथनामागे प्रामुख्याने तीन हेतू आढळतात.

१) नियमन : लहान मुलाला धोक्याचे कारण समजावणे कठीण असते. बागुलबुवा ते काम त्वरित करतो. शिवाय शिक्षेचा कठोरपणा त्याच्याकडे जातो आणि आई रक्षणकर्तीच राहते. गेल हेमन व सहकाऱ्यांच्या 2013 मधील अभ्यासात अमेरिकेतील 84 टक्के व चीनमधील 98 टक्के पालकांनी मुलांनी ऐकावे म्हणून खोटे बोलल्याचे मान्य केले. ‘येत नसशील तर तुला इथेच सोडून जाते’ या प्रकारची धमकी त्यांत सर्वाधिक प्रचलित होती.

२) सांत्वन : ‘देवाघरी गेले’ हे उत्तर मुलाइतकेच सांगणाऱ्यालाही आधार देते. अनेक घरांत ती केवळ कल्पना नसून श्रद्धाही असते.

३) आनंद : चांदोबाला मामा म्हणताना मोठी माणसे स्वतःचे बालपण पुन्हा अनुभवतात.

परिणाम :
प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात, देव रात्री वेषांतर करून हिंडतात अशा कथांनी मातांनी मुलांना भिववू नये, असे म्हटले आहे. त्याचा आक्षेप आजही विचारार्ह आहे. तथापि प्रत्येक कल्पित गोष्ट विश्वासघातच ठरते, असे नाही. अँडरसन व प्रेंटिस यांनी 1994 मध्ये सांताक्लॉजवरील विश्वास मावळलेल्या 52 मुलांचा अभ्यास केला. साधारण सातव्या वर्षी मुलांनी सत्य स्वतःच शोधले होते आणि त्यांच्या प्रतिक्रिया बहुतांशी सकारात्मक होत्या. खिन्नता पालकांमध्येच अधिक दिसली.

यावरून हेतूभेदाचे महत्त्व लक्षात येते. आनंदासाठी सांगितलेल्या गोष्टीचे रहस्य उलगडल्यावर मूल त्या खेळात मोठ्यांचा भागीदार होते आणि धाकट्या भावंडाला तोच चांदोबा दाखवते. भीतीच्या गोष्टीत अशी भागीदारी नसते. तेथे भीती ओसरली, की सांगणाऱ्याच्या शब्दाचे वजनही कमी होण्याचा संभव असतो.

समारोप :
म्हणून कल्पित गोष्टी सरसकट वर्ज्य करण्याचे कारण नाही. मुलाने ‘हे खरेच का?’ असे गांभीर्याने विचारल्यावर मोठी माणसे काय उत्तर देतात, हा खरा प्रश्न आहे. त्या वेळी नवे खोटे रचण्याऐवजी ‘तुला काय वाटते?’ असे विचारून मुलाला विचारास प्रवृत्त करणे आणि अखेरीस सत्य सांगणे इष्ट होय. बालशिक्षणाच्या व अध्यापक-प्रशिक्षणाच्या वर्गांत या प्रश्नाची चर्चा होणे आवश्यक आहे.