आईला कळण्याआधीच बाळाचा मेंदू घडू लागतो : अली ब्रिवानलू यांचं संशोधन आपल्याला काय सांगतं?

घरात पाळणा हलणार अशी बातमी कळते, अम्मी-अब्बू खूश होतात, नातेवाईकांना फोन जातात, दुआ मागितल्या जातात. पण ही बातमी आपल्यापर्यंत पोहोचते तोपर्यंत पोटातल्या बाळाच्या मेंदूची पहिली आखणी बहुतेक वेळा सुरू झालेली असते. ती नेमकी कशी होते? मूठभर सारख्याच पेशींपैकी काहींची कातडी बनते आणि काहींचा मेंदू, हे ठरवतं कोण?

हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे अली ब्रिवानलू. ते मूळचे इराणचे. 1990 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून (बर्कली) पीएचडी घेतली, नंतर हार्वर्डमध्ये डग्लस मेल्टन यांच्यासोबत काम केलं आणि 1994 पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांची प्रयोगशाळा आहे. त्यांचं काम सोप्या भाषेत समजून घेऊ या, कारण त्याचा धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो.

शंभर वर्षांपूर्वीचं कोडं

1924 मध्ये जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मॅन्गोल्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बेडकाच्या जातकुळीतल्या न्यूट या प्राण्याच्या गर्भातला एक छोटा तुकडा त्यांनी काढला आणि दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला लावला. तिथे खरं तर कातडी तयार व्हायची. पण त्या जागी दुसरा मेंदू आणि पाठीचा कणा घडू लागला. म्हणजे त्या तुकड्यात शेजारच्या पेशींचं नशीब बदलण्याची ताकद होती. हिल्डे त्याच वर्षी घरात झालेल्या स्फोटात भाजून वारल्या. श्पेमान यांना 1935 मध्ये नोबेल मिळालं.

त्यानंतर जवळपास सत्तर वर्षं शास्त्रज्ञ एकच गोष्ट शोधत राहिले : 'मेंदू हो' असा हुकूम देणारा पदार्थ कोणता?

हुकूम नव्हताच!

ब्रिवानलू आणि मेल्टन यांनी बेडकाच्या गर्भावर काम करताना पेशींपर्यंत येणारा एक रासायनिक निरोप अडवला. अपेक्षा होती की पेशींची पुढची वाढ बिघडेल. झालं उलटंच. 1994 मध्ये त्यांनी जाहीर केलं की निरोप अडवला, तर त्या पेशी मेंदूच्या वाटेला लागतात. कुणी त्यांना 'मेंदू हो' म्हटलंच नव्हतं.

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. पोराच्या मनात शिकायचं असतं, पण सगळी मोठी माणसं रोज म्हणतात, 'दुकानात बस, दुकानात बस.' शेवटी पोरगा दुकानात बसतो. पण एखादा मामू मध्ये पडून म्हणतो, 'जरा गप्प बसा, त्याला शिकू द्या.' मामूने पोराला शिकवलं नाही, फक्त बाकीच्यांचा आवाज थांबवला. पोरगा मग आपल्या वाटेने जातो.

गर्भातही असंच घडतं. बीएमपी नावाची प्रथिनं पेशींना सतत 'कातडी व्हा' असा निरोप देत असतात. श्पेमान यांच्या त्या तुकड्यातून नॉगिन, कॉर्डिन आणि फॉलिस्टॅटिन अशी प्रथिनं बाहेर पडतात आणि हा निरोप अडवतात. जिथे निरोप पोहोचत नाही, तिथे मेंदू आणि मज्जासंस्था घडू लागते. ही प्रथिनं वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी शोधली. फॉलिस्टॅटिनची ही भूमिका ब्रिवानलू यांच्या कामातून पुढे आली. पुढे 1995 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की एकमेकींपासून सुट्या केलेल्या पेशी एरवी मज्जापेशी होतात, पण त्यांना बीएमपी-4 दिलं की त्या कातडीकडे वळतात.

माणसाचा गर्भ आणि 14 दिवसांची रेघ

बेडकावरून माणसाकडे येणं सोपं नव्हतं. 2016 मध्ये ब्रिवानलू यांच्या गटाने आणि केंब्रिजमध्ये माग्दालेना झेर्निका-गोएट्झ यांच्या गटाने, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातून उरलेले आणि संशोधनासाठी दान मिळालेले मानवी गर्भ प्रयोगशाळेतल्या बशीत 12-13 दिवसांपर्यंत वाढवून दाखवले. आईच्या गर्भाशयाचा आधार नसतानाही सुरुवातीच्या दिवसांत पेशी आपली मांडणी स्वतःच करत होत्या. 14 दिवस पूर्ण होण्याआधी हे प्रयोग थांबवले गेले.

14 च का? ब्रिटनमधल्या वॉरनॉक समितीने 1984 मध्ये ही मर्यादा सुचवली. साधारण याच सुमारास गर्भावर एक बारीक रेघ उमटते, शरीराची दिशा ठरते, आणि त्यानंतर एका गर्भाचे सहसा दोन होत नाहीत. भारतातही आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी 14 दिवसांपुढे गर्भ वाढवायला मनाई केली आहे. स्टेम सेल संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मात्र 2021 मध्ये ही मर्यादा सैल केली. त्यामुळे वाद पुन्हा सुरू झाला आहे.

हा वाद आपल्याला परका नाही. गर्भात रूह कधी फुंकली जाते यावर उलेमांनी शतकानुशतकं चर्चा केली आहे. बहुतेक जण 120 दिवस मानतात, काही जण 40 दिवसांच्या आसपासचा काळ सांगतात. पण त्याआधीच्या गर्भाला काहीच इज्जत नाही, असा अर्थ कुणी सहज काढत नाही. म्हणून 'हे तर आधीच लिहून ठेवलंय' असे मेसेज फॉरवर्ड करून थांबण्यापेक्षा, प्रयोगशाळेत काय चाललंय ते आपल्या आलिमांनी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून समजून घ्यावं, असं आम्हाला वाटतं.

ब्रिवानलू यांचा गट आता स्टेम सेलपासून गर्भाच्या सुरुवातीच्या मज्जासंस्थेसारख्या छोट्या रचना बनवतो. हे बाळ नाही आणि पूर्ण मेंदूही नाही. 2019 मध्ये या रचनांमध्ये हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराची खूण दिसली. हा आजार बहुतेकांना तिशी-पन्नाशीत गाठतो, पण त्याचा दोष असलेल्या पेशींची मांडणी अगदी सुरुवातीलाच वेगळी होती. नव्या औषधांची चाचणी घ्यायला अशा रचना उपयोगी पडू शकतात.

मग आपण काय करायचं?

मज्जासंस्थेची सुरुवातीची सपाट पट्टी वळते आणि तिची नळी होते. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात! नळी खालच्या बाजूला उघडी राहिली तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहतो, वरच्या बाजूला राहिली तर मेंदू आणि कवटी नीट बनत नाही.

यातले बरेच दोष एका साध्या गोळीने टळतात. 1991 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या बाळात असा दोष असलेल्या स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तर पुन्हा तसा दोष होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवू या :

- मूल हवं असेल तर निदान महिनाभर आधीपासून आणि पुढे पहिले तीन महिने रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.
- आधीच्या बाळात असा दोष असेल तर डोस बराच जास्त लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.
- शुगर असेल किंवा फिटची गोळी चालू असेल तर गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- पालेभाज्या, डाळी, हरभरे खावेतच, पण ते गोळीची जागा घेत नाहीत.

आणि एक गोष्ट सासू-सासऱ्यांसाठी, नवऱ्यांसाठी. बाळात दोष निघाला की आपल्याकडे बोट लगेच सुनेकडे जातं. ग्रहणात सुरी धरली असेल, नजर लागली असेल, काहीतरी बाहेरचं असेल. या नळीचं काम ग्रहण पाहून चालत नाही. तिच्यामागे आनुवंशिकता, आहार, आजार, औषधं अशी अनेक कारणं असतात, आणि पुष्कळदा नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. गोळ्या वेळेत घेतलेल्या आईच्या बाळातही कधी दोष राहतो. अशा वेळी त्या पोरीला आपल्या टोमण्यांची नाही, आधाराची गरज असते.

निकाह ठरला की आपण हॉल, जेवण, दागिने यांची यादी करतो. त्या यादीत दोघांची डॉक्टरांकडे एक भेट आणि या छोट्या गोळीची चौकशीही घालू या. खर्च फार नाही, आणि फायदा येणाऱ्या पिढीचा आहे.