डिझेलचे जुने इंजिन

पूर्वी आगगाडीला कोळशाचे इंजिन असे. भट्टीत सारखा कोळसा टाकावा लागे. वाटेत थांबून पाणी भरावे लागे.

1962 साली अमेरिकेतून डिझेलची मोठी इंजिने आपल्या देशात आली. 1964 पासून तशीच इंजिने वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. एकेका इंजिनाची ताकद 2600 अश्वशक्ती. म्हणजे विहिरीवरचे 5 अश्वशक्तीचे 520 पंप एकत्र!

गंमत अशी, की यात डिझेल स्वतः चाके फिरवीत नाही. डिझेल जळते, त्यावर वीज तयार होते. ती वीज चाकांजवळच्या 6 मोटारी फिरवते. चालतेफिरते वीजघरच म्हणा ना!

अशी अडीच हजारांहून जास्त इंजिने झाली. त्यांनी धान्य वाहिले, खत वाहिले, माणसे वाहिली. मग रुळांवर विजेच्या तारा आल्या. जुनी इंजिने मोडीत निघाली.

पण 1962 साली आलेल्यांपैकी एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवले आहे. कोणी म्हणेल, जुनं लोखंड कशाला जपायचं? आम्ही म्हणतो, मोट आठवा. विहिरीवर पंप आले, मोट गेली. आज पोरांना मोट सांगून कळत नाही, आणि दाखवायला गावात एकही नाही. भंगाराचे पैसे एकदाच मिळतात. उभे इंजिन मात्र पिढ्यान् पिढ्या शिकवते.

पण नुसते उभे करून भागत नाही. ऊनपावसाने लोखंड गंजते. वेळच्या वेळी रंग द्यावा लागतो.

दिल्लीला गेलात तर ते बघून या. पोरांनाही दाखवा.