मुसीचा महापूर (१९०८): नगर, व्यवहार आणि शोककाव्य

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबादचे दोन्ही तट परस्परांपासून तोडले. अफझल, मुसल्लमजंग व चादरघाट हे पूल निकामी झाले. दक्षिणेकडील जुने शहर आणि उत्तरेकडील बेगमबाजारची पेठ यांच्यातील देवघेव खुंटली. मृतांची संख्या सुमारे १५,००० मानली जाते.

दोष एकट्या पावसाचा नव्हता. १९०९ मध्ये पाचारण केलेल्या मो. विश्वेश्वरय्यांनी (त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याचे) पाणलोटातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटल्याचे नोंदविले. शेती पोसणारी व्यवस्थाच शहरावर कोसळली होती. पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधार मंडळाने दाट वस्त्या हटवून रस्ते रुंद केले; काठावर उच्च न्यायालय व उस्मानिया रुग्णालय यांच्या भव्य वास्तू आल्या. नदीकाठ राहण्याचा कमी आणि पाहण्याचा अधिक झाला.

तुलनाकाराला अधिक मोलाची साक्ष उर्दू रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आहे. पुरात त्यांची आई, पत्नी व कन्या वाहून गेल्या. ते एकटे वाचले. त्यांच्या शोकपर नज्मचे शीर्षक ‘कयामत-ए-सुगरा’. इस्लामी परिभाषेत ही संज्ञा व्यक्तीच्या मृत्यूची आहे. अखिल सृष्टीचा अंत तो ‘कयामत-ए-कुबरा’. मराठीत ‘लहान प्रलय’ म्हटले की पाणी आपोआप येते, मात्र एकेका माणसाचे मरण निसटते. अहवालातील २२१ तलावांच्या शेजारी हे शीर्षक वाचले पाहिजे.