अश्वगंधेच्या मुळाशी कोण राहतं?

परवा गच्चीवरच्या दोन अश्वगंधा उपटल्या. बी एकाच पाकिटातलं. एकीचं मूळ करंगळीएवढं जाड, दुसरीचं काडीसारखं. पहिलीला लावताना मुळाशी चमचाभर मायकोरायझा घातला होता. दोन रोपांवरून काही सिद्ध होत नाही, पण मला फार आनंद झाला!

मायकोरायझा म्हणजे मुळांच्या आत राहणारी बुरशी. हिचे तंतू मूळरोमांपेक्षाही बारीक. मूळ पोचत नाही तिथून ते स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणतात. स्फुरद मातीत जागचं फारसं हलत नाही, म्हणून ही मदत मोलाची. बदल्यात झाड बुरशीला साखर देतं.

ही सोयरीक किती जुनी? स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळ सापडलेल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांत तिच्या खुणा आहेत.

ही बुरशी मातीवर भुरभुरून उपयोग नाही, ती मुळाला भिडली पाहिजे. म्हणून रोपाच्या खड्ड्यातच घाला. सुपर फॉस्फेटचा मारा केलात तर झाडाला बुरशीची गरजच उरत नाही, ते तिला थारा देत नाही. मोहरी-कोबीच्या कुळाशी तर हिचं जमतच नाही.

अश्वगंधेला साचलेलं पाणी सोसत नाही, मूळ कुजतं. त्यासाठी मी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळतो. तोही बुरशीच, पण रोगकारक बुरशीवर जगणारा. मात्र बुरशीनाशक ओतलंत तर या दोघांचाही जीव जाऊ शकतो.

शतावरी, तुळस, सफेद मुसळी कुणी लावली आहे का? काही अडलं तर जरूर विचारा, मुळांचा फोटोही टाका.