खरवस, मेंदू आणि तिरकं बोलणं

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने मे 2025 मध्ये विनारोकड उपचारांची योजना लागू केली. अपघाताच्या तारखेपासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. मुंबई-गोवा महामार्ग ज्यांच्या दारावरून जातो त्या रत्नागिरीकरांना तिचं मोल वेगळं सांगायला नको. हातखंब्याच्या उतारावर किंवा निवळी घाटात कुणाच्या डोक्याला मार लागला की पहिला प्रश्न असतो आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं कसं, आणि दुसरा पैशांचा. एप्रिल-मे महिन्यांत आंबे उतरवायला झेला घेऊन उंच कलमावर चढलेला गडी पाय घसरून पडला तर प्रश्न हेच, फक्त ही योजना त्याच्या कामाची नाही.

जीव वाचायचा तो या पहिल्या सात दिवसांतच वाचतो, म्हणून योजनेचं स्वागतच. पण डोक्याच्या माराची एक बाजू घरच्यांच्या लक्षात येते ती दोन-चार महिन्यांनी. टाके सुकलेले असतात, माणूस हिंडतो-फिरतो, सीटी स्कॅनमध्ये काही उरलेलं नसतं. तरी घरातलं कुणीतरी दबक्या आवाजात सांगतं, ‘पहिल्यासारखा राहिला नाही हो.’

म्हणजे काय, हे त्यांना नीट सांगता येत नाही. उच्चार स्वच्छ असतात, व्याकरण बिनचूक असतं, वस्तूंची नावं पटापट येतात. पण बाजारात काय झालं हे सांगायला बसला की गोष्ट भरकटते, मग तीच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दोघं एकदम बोलू लागले की तो गप्प. शेजारी टीव्ही चालू असेल तर फोनवरचं अर्धं सुटतं. आपण होऊन विषय काढत नाही. त्याला लोक आळशी म्हणतात. जे तोंडाशी येईल ते बोलून टाकतो. त्याला उद्धट म्हणतात.

स्कॅन स्वच्छ आणि माणूस बदललेला, हे कोडं सोडवायची सुरुवात एका भौतिकशास्त्रज्ञाने केली, डॉक्टरांनी नाही, याचा मला फार आनंद वाटतो. ऑक्सफर्डचे मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी 1935 मध्ये मोटरसायकलवरून पडलेल्या टी. ई. लॉरेन्सला, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला, वाचवण्याची शिकस्त केली होती. तो गेला. पुढे महायुद्धात फटफटीवरून निरोप पोचवणारे जवान भराभर मरू लागले तेव्हा केर्न्स हेल्मेटच्या मागे लागले. त्यांच्याच विभागात होलबोर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरलं, साच्याला हिसका दिला आणि आत ताण कुठे पडतो ते पाहिलं.

हा प्रयोग आपल्याकडे खरवसावर करता येईल. वाटीतला घट्ट खरवस वरून दाबला तर फारसा दबत नाही. आता वाटी झटक्याने गोल फिरवा. कडेचा खरवस वाटीबरोबर सरकतो, मधला मागे राहतो आणि दोहोंच्या मधे तो चिरतो. मेंदूचंही तसंच, असं होलबोर्न यांनी 1943 मध्ये मांडलं. नुसत्या सरळ दणक्यापेक्षा डोक्याला बसलेला पीळ घातक. कवटीला साधी चीर न जाताही आत अनर्थ होऊ शकतो.

पण खऱ्या मेंदूत तसं दिसायला हवं ना? ते दाखवलं साबिना स्ट्रिच या बाईंनी, 1956 मध्ये. डोक्याच्या मारानंतर काही महिने जगून गेलेल्या पाच रुग्णांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वरवर पाहता त्या मेंदूंत फार मोठी मोडतोड नव्हती; आतल्या पांढऱ्या भागातले, एका केंद्रापासून दुसऱ्याकडे जाणारे मज्जातंतू मात्र ठिकठिकाणी नष्ट झाले होते. आज या इजेचं भारदस्त नाव प्रत्येक मेंदूतज्ज्ञाला पाठ असतं. स्ट्रिचबाईंचं नाव किती जणांना माहीत असेल, देव जाणे. त्यांचे रुग्ण अतिगंभीर होते, पण कमी मारातही हेच थोड्या प्रमाणात घडतं. सीटी स्कॅनला रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. इतके बारीक धागे त्याच्या नजरेला पडतच नाहीत.

(या विषयावरचे लेख एरवी फिनिअस गेजपासून सुरू होतात. 1848 मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या सुरुंगकामात ज्याच्या डोक्यातून पहार आरपार गेली तो. गोष्ट झकास आहे, पण ज्यांच्या कवटीला भोकच पडलेलं नाही अशांबद्दल ती फार कमी सांगते. शिवाय ‘त्याचा स्वभाव पार बिघडला’ हे वर्णन पुढच्या लेखकांनी तिखटमीठ लावून वाढवलं. तो त्यानंतर चिलीत अनेक वर्षं घोडागाडी हाकत होता, हे कुणी सांगत नाही.)

संभाषण म्हणजे मेंदूच्या अनेक केंद्रांनी एकाच वेळी करायचं काम. समोरच्याचे शब्द, त्याचा सूर, चेहरा, मघाचं बोलणं, आपली पाळी, हे सगळं क्षणात जुळवायचं. धागे तुटले की शब्द शाबूत राहतात, ही जुळणी ढिली पडते. ऑस्ट्रेलियातल्या स्काय मॅकडॉनल्ड यांनी यासाठी नटांकडून छोटे प्रसंग चित्रित करून घेतले आणि कोण मनापासून बोलतंय, कोण टोमणा मारतंय, हे रुग्णांना ओळखायला लावलं. सरळ बोलणं बहुतेकांना कळे, टोमणा निसटे. अंतू बर्व्याच्या रत्नागिरीत ही केवढी पंचाईत! दुकानदार म्हणतो, ‘या, लवकर आलात!’ आणि हा गंभीरपणे सांगतो की एसटी वेळेवर होती. मॅकडॉनल्डबाईंची चाचणी इथे जशीच्या तशी आणून उपयोग नाही. कोकणी तिरकेपणा चेहरा न हलवता करायचा असतो, त्यासाठी इथलेच प्रसंग लागतील.

आता कायदा बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. डोक्याच्या मारातून आलेलं अपंगत्व त्यांत स्वतंत्रपणे नाही. वाचा व भाषेचा प्रकार आहे, पण तिथे उदाहरणं आहेत ती स्वरयंत्र काढलेल्यांची आणि वाचाघाताची. घडाघडा बोलणारा माणूस त्या खिडकीवर उभा राहिला तर त्याला परतच पाठवतील.

उपचार मात्र आहेत आणि ते रुग्णापुरते नाहीत. सिडनीच्या लीअॅन टोगर यांनी 2004 च्या एका प्रयोगात पोलिसांना प्रशिक्षण दिलं, रुग्णांना नाही. फोनवर चौकशी करणाऱ्या अशा माणसाशी कसं बोलावं, एवढंच शिकवलं. प्रशिक्षित पोलिसांशी बोलताना रुग्णांचं बोलणंही मुद्द्याला धरून होऊ लागलं. एसटी स्टँडची चौकशी खिडकी आणि तहसील कचेरी इथे हा प्रयोग व्हायला काहीच हरकत नाही. त्यासाठी यंत्र लागत नाही की इमारत.

तोवर घरच्यांनी एवढं करावं. बोलताना टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकानेच बोला, उत्तराला वेळ द्या. ‘सांग बघू हा कोण?’ अशी परीक्षा घेऊ नका. तुम्हाला खरोखर माहीत नसलेलं विचारा. आणि अपघाताच्या दाव्यात तडजोडीवर सही करण्याआधी स्पीच थेरपिस्ट व मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्या. नुसता स्कॅनचा कागद जोडू नका.